विहिरीत विहीर

चौथीच्या परिसर अभ्यासात धडा संपला की उपक्रम येतो आणि उपक्रमात हटकून दोन शब्द असतात : माहिती मिळवा. गावातल्या जुन्या विहिरीची मिळवा, देवळाची मिळवा, जवळच्या किल्ल्याची मिळवा. जणू डेअरीवरून अर्धा लिटर दूध आणायचंय. कुठून मिळवायची, कोणाकडून, आणि मिळालेली खरी कशावरून, याबद्दल काही नाही. नोकरीची पहिली आठ-दहा वर्षं मीही त्याबद्दल काही बोलत नव्हते. फळ्यावर उपक्रम लिहायचा, दुसऱ्या दिवशी वह्या गोळा करायच्या, लाल शाईने 'छान' लिहून मोकळं व्हायचं.

एकदा एका मुलाने विहिरीवर पानभर मजकूर आणला. सुरुवातच 'सदर विहीर ही पुरातन असून' अशी. मी विचारलं, "सदर म्हणजे काय रे?" तो जरा थांबला आणि म्हणाला, "विहिरीचं नाव आसंल, बाई."

वर्ग हसला, मीही हसले. घरी जाताना मात्र ते हसू टिकलं नाही. शाळेच्या फाटकापासून ती विहीर शंभर पावलांवर. पोरगा रोज तिच्या कठड्यावरून दप्तर ओढत येतो. आणि तिची माहिती त्याने थोरल्या भावाच्या वहीतून उतरवली होती. भावाने ती कुठून उतरवली ते भावालाही आठवत नव्हतं.

मग मी ऑफिसमधलं लोखंडी कपाट उघडलं. आमच्याकडे पुस्तकं बरी होती, पण साठा रजिस्टरला नोंद आहे, हरवलं तर भरून द्यावं लागेल, या धाकाने ती कुलपातच म्हातारी होत होती. त्यात एक जाडजूड मराठी शब्दकोश निघाला. वाटलं, इथून सुरुवात करू. शब्द शोधायला जमलं तर पुढचं सगळं जमेल.

फार सोपं वाटलं होतं मला. वर्णमाला मुलांना पाठच असते. चिठ्ठ्यांवर शब्द लिहून अनुक्रमाने लावायचा खेळ घेतला, दोन दिवसांत पोरं तरबेज. 'क्ष' आणि 'ज्ञ'वरून भांडणं झाली तेवढीच. भिंतीवरच्या तक्त्यात ते सगळ्यात शेवटी; माझ्या फोनच्या यादीत मात्र क्षीरसागर 'क'च्या घरात बसलेले. फोनला 'क्ष' हा क आणि ष यांचा जोडाक्षरी संसार वाटतो, तक्त्याला ते स्वतंत्र अक्षर वाटतं. दोघांचंही बरोबर, फक्त आपण कोणाच्या दारात उभे आहोत ते ओळखायचं, असं मी सांगितलं. पोरांना ते पटलं. मोठ्यांना पटवायला जास्त वेळ लागला असता.

खरी अडचण पुढे आली. धड्यात 'विहिरीत' शब्द होता. एक मुलगी कोश घेऊन बसली. वि सापडला, हि सापडला आणि बोट 'विहित'वर थांबलं. "बाई, सापडलं. र छापायचा राहिलाय." अर्थ तिने वहीत उतरवूनही टाकला : विहीर म्हणजे शास्त्राने सांगितलेली. तिच्या बोटाखाली 'विहीन' होता आणि त्याच्याही खाली, दीर्घ ही घेऊन, विहीर. म्हणजे 'विहिरीत' विहीर नव्हतीच!

कोशात शब्द मूळ रूपात राहतात आणि आपण बोलतो ती त्यांची प्रवासाला निघालेली रूपं, हे मला मराठी शिकवून इतकी वर्षं झाली तरी असं कधी समोर दिसलं नव्हतं. मग आम्ही शब्दांना घरी पोचवायचा उद्योग काढला. घोड्याला घोड्याकडे नाही, घोडाकडे पोचवायचं. पाण्यात म्हणजे पाणी. भावाने म्हणजे भाऊ. 'गेली' ही 'जाणे'च्या घरात राहते म्हटल्यावर सगळा वर्ग माझ्याकडे संशयाने बघू लागला. माहिती शोधण्याच्या प्रशिक्षणांत आम्हाला अनुक्रमणिका बघा, सूची बघा एवढं सांगतात. पण हातातला शब्द तसाच घेऊन गेलात तर दार उघडणार नाही, आधी त्याचा प्रत्यय काढा, सामान्यरूप सोडवा, ऱ्हस्व-दीर्घ पूर्ववत करा, हे मला कुणी सांगितलेलं नाही. व्याकरणाच्या तासाला ज्या पोरांना सामान्यरूप म्हटलं की जांभई यायची, ती आता त्यावर पैजा लावायला लागली.

विहीर तशी सोडायची नव्हती. एका शनिवारी सगळे तिथे गेलो. घडीव दगडांची, मोटेची धाव अजून शाबूत, थारोळ्यात गवत माजलेलं. आतल्या अंगाला एक शिळा, तिच्यावर वर्षानुवर्षं फासलेला चुना, आणि चुन्यातून डोकावणारे चार आकडे : १८५८. मी हरखलेच. वर्गात येऊन फळ्यावर लिहिलं, 'बांधकाम : इ. स. १८५८' आणि वर १८५७च्या उठावाची गोष्ट रंगवून सांगितली. उत्तरेत धामधूम चाललेली आणि इकडे आपल्या गावात लोक विहीर बांधतायत! पोरं डोळे विस्फारून ऐकत होती. माझ्या चांगल्या तासांपैकी तो एक होता.

आठवड्याने तीच 'विहित'वाली मुलगी आली. "बाई, आकड्याच्या अलीकडं अक्षरं हायत." आजोबांना कठड्यावर राखण बसवून तिने काथ्याने शिळा घासली होती. गेलो. चुन्याखालून 'शके' निघालं.

शकात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो, साल चैत्रात सुरू होत असल्याने शेवटच्या तीनेक महिन्यांना ७९. म्हणजे १९३६-३७. आकड्यांच्या पुढे 'धाता' असंही होतं. मी ते 'दाता' वाचून कुणी दानशूर शोधायला निघाले होते, पण देवळातल्या गुरवकाकांनी सांगितलं की ते संवत्सराचं नाव. साठ नावं फिरून फिरून येतात. पंचांगावरून मोजत मागे गेलो तर शके १८५८ बरोबर धाता निघतो. इसवी १८५८ धरलं असतं तर तिथे कालयुक्त यायला हवा होता. दोन वेगळ्या वाटांनी एकाच ठिकाणी पोचलो, म्हणून मी माझं फळ्यावरचं इ. स. १८५८ पुसलं. पुसताना पोरं फार खूश दिसली. बाई चुकल्याचा आनंद काही वेगळाच असतो.

शिळेवर शेवटी एक शब्द होता, पुढचा भाग झिजलेला, उरलेलं फक्त 'द्धार'. आता कोश काय कामाचा? कोशाला शब्दाचं डोकं लागतं, आमच्याकडे नुसती शेपटी. मुलांनी घरी विचारलं. 'उद्धार' आला, पण जागा त्याहून मोठी दिसत होती. तिसऱ्या दिवशी एकाने वर्गणीची पावती आणली : मंदिर जीर्णोद्धार समिती. शिळेवर पावतीतली अक्षरं मापून बसवली, बसली. म्हणजे १९३६ला विहीर बांधली नव्हती, दुरुस्त केली होती. ती केव्हाची हे शिळेला सांगायचंच नव्हतं.

मग म्हातारी माणसं राहिली. वहीत मी दोन रकाने जास्तीचे आखायला लावले : 'कोण म्हणालं' आणि 'पाहिलं की ऐकलं'. एवढ्या रकान्यांनी जे काम केलं ते माझ्या भाषणांनी केलं नसतं. बहात्तरच्या दुष्काळात विहिरीचा तळ लागला, गाळ उपसला, हे तीन आज्यांनी सांगितलं. तिघींनी पाहिलेलं, कारण तिघींना त्या वर्षीची सुकडी आणि लाल मिलोच्या भाकरी आठवत होत्या. पेशव्यांनी बांधली, असं चौघांनी सांगितलं. चौघांनी ऐकलेलं, आणि खोदून विचारल्यावर चौघांनी एकाच माणसाकडून ऐकलेलं. चार माणसं म्हणजे चार पुरावे नव्हेत, हे पोरांना तिथे दिसलं. मला ते शिकवावं लागलं नाही.

आता पोरं फोनला तोंडी विचारतात, 'विहीर म्हणजे काय', आणि फोन सांगतो. वि नको, ही नको, प्रत्यय काढायला नको. आमचा चिठ्ठ्यांचा खेळ आणखी काही वर्षांनी पाढ्यांच्या पुस्तकासारखा होईल. त्याचं मला दुःख आहे, पण फार नाही. फोन उत्तर देतो तेव्हा खाली कोणाचं नाव नसलं तरी पोरांना काही वाटत नाही, याचं जास्त वाटतं. म्हणून मी मराठी विश्वकोशाची नोंद त्यांना दाखवते, तीही फोनवरच. तो आता फुकट वाचायला मिळतो. लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली त्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला. चौथीच्या मुलांना त्याची भाषा झेपत नाही, मी झेपवायला जातही नाही. फक्त नोंदीच्या तळाशी जायला सांगते. तिथे संदर्भ असतात आणि लिहिणाऱ्याचं नाव असतं. "एवढ्या मोठ्या माणसानंबी नाव लिवलंय," असं एकजण म्हणाला होता.

विहिरीचा तक्ता आम्ही व्हरांड्यात लावला. दुरुस्ती : शके १८५८. गाळ काढला : १९७२, तीन आज्यांनी पाहिलं. बांधली : आणि पुढे मोकळी रेघ. तपासणीला आलेल्या साहेबांना तक्ता आवडला, रेघ तेवढी खटकली. अपूर्ण दिसतं, अंदाजे अठराशे वगैरे काहीतरी टाका, म्हणाले. मी काही बोलायच्या आत विहितवाली स्केचपेन घेऊन पुढे झाली.

"टाकते साहेब. कोण म्हणालं म्हणून लिहू? तुमचं पूर्ण नाव सांगा."