चूक मुलीची नव्हती, स्पीकरची होती!



आज पाठ्यपुस्तकाबाहेरचा एक धडा सांगते. तो मीच शिकले, आणि जरा उशिराच शिकले.

माझ्याकडे तिसरीचा वर्ग आहे. लोकवर्गणीतून वर्गात एक अ‍ॅम्प्लिफायर आणि चार इंची दोन स्पीकर आले. पुढे एक सबवूफरही आला. मुलं जाम खूश! कवितेतला ढोलकीचा ठेका छातीत घुमायचा. पण त्याच सुमारास श्रुतलेखन बिघडलं. आमच्या ध्वनिफितीत शब्दांच्या मागे संगीत वाजतं. मागच्या बाकावरची एक मुलगी ते ऐकून 'शेत'चं 'सेत' लिहायची, 'खार'चं 'कार'. "घरी बोलतेस तसंच लिहितेस का गं?" असं मी तिला सगळ्यांसमोर बोलले. तिनं मान खाली घातली.

एक दिवस वीज गेली. मी तोंडीच शब्द सांगितले. तिचे सगळे बरोबर!

दुसऱ्या दिवशी फीत लावून मी तिच्या बाकावर जाऊन बसले. नुसती घरघर. शब्द कळेनात.

गावातल्या टीव्ही दुरुस्त करणाऱ्या काकांना बोलावलं. ते म्हणाले, "बाई, खर्ज आवाज सबवूफर वाजवतोय आणि हे छोटे स्पीकरपण वाजवायला बघतायत. त्यांना झेपत नाही." छोट्या स्पीकरचा कागदी पडदा खर्जासाठी जोरजोरात पुढेमागे हलतो, आणि त्याच पडद्यातून येणारे स, श, ख यांचे बारीक आवाज फाटतात. शिवाय तोच खर्ज दोन्हीकडून आल्यानं वर्ग घुमतो.

उपाय अगदी छोटा निघाला. मोबाइलकडून अ‍ॅम्प्लिफायरकडे जाणाऱ्या वायरीत, डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंच्या मधल्या तारेत, एकेक कपॅसिटर बसवायचा. सबवूफरची वायर तशीच ठेवायची. कपॅसिटर कमी वारंवारतेला जास्त अडवतो, जास्त वारंवारतेला सहज जाऊ देतो. नदीवरच्या जाळीसारखं समजा.

किती क्षमतेचा घ्यायचा, याचं गणित असं : १ भागिले (२ × पाय × रोध × धारिता). आमच्या अ‍ॅम्प्लिफायरच्या पुस्तिकेत इनपुटचा रोध १० किलोओहम लिहिलेला होता. ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घेतला, त्यावर १०४ असं छापलेलं असतं. उत्तर येतं सुमारे १६० हर्ट्झ. त्याखाली आवाज एकदम तुटत नाही, हळूहळू उतरतो. ८० हर्ट्झला तो निम्म्याहून कमी राहतो. मग सबवूफरचं बटण १२० च्या आसपास, कानानं ऐकत ऐकत लावलं.

लक्षात ठेवा, हा आकडा प्रत्येक अ‍ॅम्प्लिफायरला वेगळा येईल. २० किलोओहम असेल तर तोच कपॅसिटर ८० हर्ट्झ देईल. आणि स्पीकरकडे जाणाऱ्या तारेत हा छोटा कपॅसिटर चालणार नाही. तिथे ८ ओहमच्या स्पीकरला याच कामासाठी १२५ मायक्रोफॅरडच्या आसपासचा, नॉन-पोलर लागेल. काम करताना सगळं बंद करून प्लग काढा, आणि अ‍ॅम्प्लिफायरचं झाकण उघडू नका.

फीत पुन्हा लावली. ठेका तसाच, पण शब्द स्वच्छ!

मग सगळ्या वर्गासमोर तिला म्हटलं, "बाळा, चूक तुझी नव्हती. स्पीकरची होती, आणि न ऐकताच बोलले ती माझी." जे सगळ्यांसमोर बोलले, ते परत घेणंही सगळ्यांसमोरच हवं ना?

ती हळूच म्हणाली, "बाई, आता परत घ्या ना श्रुतलेखन."

घेतलं. दहापैकी नऊ बरोबर. एक चुकला, तो मात्र तिचा स्वतःचा होता. तो आम्ही दोघींनी मिळून सुधारला.

तुमच्या वर्गात स्पीकर असेल, तर एकदा मागच्या बाकावर बसून ऐकाच. मूल चुकलं असं म्हणायच्या आधी त्याच्या कानापर्यंत काय पोचतंय, ते बघायला हवं.