फुंकर आणि वकील

वकील म्हटला की आम्हां मध्यमवर्गीयांना आधी त्याची फी आठवते आणि मग कायदा. मीही त्यातलाच. पण गेल्या वैशाखात धसईला जे घडले, त्याने माझे डोळे चांगलेच उघडले.

मुरबाड तालुक्यातले धसई हे माझ्या बहिणीचे सासर. २०१६ साली रोकडरहित गाव म्हणून ते वर्तमानपत्रांत झळकले होते. जवळच्याच एका गावी हळद होती. आणि ठाणे जिल्ह्यातली हळद म्हणजे काय, हे वाचकांना सांगायला नकोच! रात्री अकराला भाच्याचा फोन आला.

"मामा, मोटारसायकल अडवलीय. यंत्रात फुंकायला सांगताहेत. वकील आल्याशिवाय फुंकू नको ना?"

"मुळीच नको!" मी गरजलो. "घटनेने दिलेला हक्क आहे तो!"

त्याच आवेशात मी कल्याणच्या एका वकील स्नेह्याला उठवले. त्याने मला झापलेच. "अरे, अजून अटकच कुठे झालीय? वकिलाचा हक्क अटकेनंतरचा. तोवर श्वास रोखून धरायची सोय मोटार वाहन कायद्यात नाही! शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्य निघाले की गुन्हा. आणि सबळ कारणावाचून नकार दिला, तर कलम २०५ प्रमाणे तो नकारच त्याच्याविरुद्ध धरता येतो. आधी फुंकायला सांग!"

भाच्याने फुंकले आणि सापडला. मेव्हण्यांबरोबर मी ठाण्यावर गेलो. कुठल्या, ते सांगत नाही. वकिलाशी बोलू द्या म्हणताच तिथले अंमलदार हसले. "दारूच्या केसला कसला वकील?"

१५ सप्टेंबर १९४९ रोजी डॉ. आंबेडकरांनी घटना समितीत मांडलेली तरतूद पुढे अनुच्छेद २२ झाली. अटकेचे कारण सांगावे, पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेऊ द्यावा, चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे. त्यात दारूचा अपवाद नाही. एवढे मी नम्रपणे सांगितले आणि फोन पुढे केला. वकिलाने दोनच गोष्टी विचारल्या: अटकेपासून दोन तासांच्या आत डॉक्टरी तपासणी होणार ना? आणि गुन्हा जामिनाचा आहे, तर जामीन कधी देता? अंमलदारांचा सूर बदलला.

बाकावर आणखी एक जण बसला होता. वीटभट्टीवरचा मजूर, गुन्हा तोच. त्याला कोणी काही सांगितले नव्हते. मी फोन त्याच्याही हाती दिला. त्याने घाबरत पहिला प्रश्न केला, "साहेब, बोलायचे किती पैसे?"

पलीकडून उत्तर आले, "काही नाही. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो. १९८७ चा कायदाच आहे तसा."

मी शरमलो. भाच्यासाठी कल्याण जागे केले होते. या माणसासाठी कायदा केव्हाचा जागा होता, पण ते त्याला सांगणारे कोणी नव्हते. कसाबच्या खटल्यात, २०१२ साली, सर्वोच्च न्यायालयाने बजावले की वकिलाचा हक्क आरोपीला समजावून सांगणे हे दंडाधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. कसाबला जे मिळते, ते भट्टीवरच्या मजुराला का नको?

भाच्याने पुढे न्यायालयात गुन्हा कबूल केला, दंड भरला. ते योग्यच झाले. वकील काही दारू उतरवायला नसतो.

ताई मात्र मला म्हणाली, "दादा, हक्क शिकवलास, छान केलेस. आता रस्त्यावरच्या लोकांचाही जगायचा हक्क शिकव त्याला!"

तिच्या घरी कालनिर्णयावर आता विधिसेवेचा क्रमांक लिहिलेला आहे, १५१००. आणि हळदीच्या दिवशी गाडीची किल्ली त्याच खिळ्याला टांगलेली असते.