हिशोबपट्टी आणि हरवलेला पत्ता

हिंगणघाटच्या कापसाला स्वतःचे नाव आहे. एकोणिसाव्या शतकात लिव्हरपूलच्या बाजारात तो या गावाच्या नावानेच ओळखला आणि विकला जाई. वणा नदीकाठच्या या बाजारपेठेत मारवाडातून आलेली अनेक जैन कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या कापसाच्या आणि धान्याच्या व्यापारात आहेत. पेढी म्हटली की गादी, लाल कापडात बांधलेली बही आणि मुनीमजींचे वळणदार अक्षर हे चित्र तेथील घराघरांतील वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांपुढे आजही उभे राहते. बहीत उतरलेला आकडा ही पेढीची अब्रू असे.

१ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला. १ एप्रिल २०१८ पासून परराज्यात जाणाऱ्या मालासोबत इ-वे बिल आवश्यक झाले. बहीतील आकडा संगणकात गेला आणि तेथून माणसाच्या हातात पोहोचण्यासाठी त्याला प्रिंटरवाचून दुसरी वाट उरली नाही. गाठींनी भरलेला ट्रक असो वा बैलगाडीतून आलेला दोन क्विंटल कापूस असो, शेवटचा कागद त्या लहानशा यंत्रातूनच बाहेर पडतो. म्हणून प्रिंटर नेटवर्कला जोडला जात नाही, ही तक्रार वरवर किरकोळ असली तरी पेढीवर ती किरकोळ राहत नाही.

कापसाच्या हंगामातील अशीच एक संध्याकाळ. डिसेंबरचे दिवस, सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळणारा. दुपारी वीज गेली होती आणि तासाभराने परत आली होती. त्यानंतर पेढीवरील प्रिंटरने एकही कागद दिला नाही. समुद्रपूर तालुक्यातून आलेला एक शेतकरी काटापट्टी हातात घेऊन बाकावर बसला होता. वजन झाले होते, भाव ठरला होता, उरली होती ती हिशोबपट्टी. त्याच्याकडे साधा फोन होता. मोबाइलवर पाठवलेली पट्टी त्याच्या कामाची नव्हती. तो दर थोड्या वेळाने विचारी, “पट्टी आजच भेटन ना, शेटजी? घरी भाऊ हाये, त्याले कागद दाखवा लागते.”

सामाईक शेतीचा कापूस विकून आलेल्या माणसाला भावापुढे ठेवायला कागद हवा, हे भागीदारीत व्यापार करणाऱ्या कोणत्याही घराला समजावून सांगावे लागत नाही.

मुनीमजींच्या मते प्रिंटर जुना झाला होता. पुतण्याच्या मते इंटरनेट बंद होते. पण त्याच्या मोबाइलवर, त्याच वायफायवरून, बाजारभाव व्यवस्थित दिसत होते. फोनवरून सल्ला देणाऱ्या एका ओळखीच्या कारागिराने सांगितले की नवा प्रिंटरच घ्या. संगणकाच्या पडद्यावर ‘ऑफलाइन’ असा शब्द होता, तर प्रिंटरच्या छोट्या पडद्यावर ‘रेडी’. तारेने जोडावा, तर खोक्यासोबत आलेली केबल कोठे गेली हे कोणालाच ठाऊक नव्हते.

पुतण्याने एक सोपा मार्ग सुचवला. “काकाजी, एका चिठ्ठीवर गोळाबेरीज रक्कम लिहून देऊ. पक्की पट्टी उद्या.”

पेढीवरील वडीलधाऱ्यांनी मान हलवली. “गोळाबेरीज कोणाच्या बाजूची? कच्चा कागद एकदा हातातून गेला की उद्या त्याचा पक्क्याशी मेळ घालावा लागेल, आणि मेळ घालताना पेन आपल्याच बाजूला कलते.”

क्रमांक छापलेले पावतीपुस्तक असते तर प्रश्नच नव्हता. संगणक आल्यापासून ते कोणी छापून घेतले नव्हते.

घरातील धाकटी सून पेढीचे कराचे विवरणपत्र भरत असे. तिला बोलावणे गेले. तिने आधी कोणतीच तार काढली नाही की कोणतेही बटण दाबले नाही. दुपारपासून एकाच पट्टीला छापण्याची आज्ञा किती वेळा दिली, एवढेच तिने विचारले. छपाईच्या रांगेत त्याच क्रमांकाच्या नऊ प्रती साचल्या होत्या. प्रिंटर अकस्मात जागा झाला असता तर एका व्यवहाराच्या नऊ पट्ट्या टेबलावर पडल्या असत्या. तिने प्रथम ती रांग रिकामी केली. मग प्रिंटरच्याच मेनूतून त्याच्या नेटवर्कची माहिती देणारे पान छापले. ते निमूटपणे बाहेर आले. म्हणजे कागद, शाई आणि यंत्र तिन्ही धड होती. त्या पानावर प्रिंटरचा पत्ता होता, १९२.१६८.१.८. संगणकात प्रिंटरच्या ‘पोर्ट’समोर लिहिलेला पत्ता होता, १९२.१६८.१.५.

यंत्र जागेवर होते. त्याचा पत्ता बदलला होता.

हा प्रकार समजण्यासाठी तीर्थक्षेत्रातील धर्मशाळा डोळ्यांपुढे आणावी. राउटर हा धर्मशाळेचा व्यवस्थापक. वायफायला जोडले जाणारे प्रत्येक यंत्र हा यात्रेकरू. आलेल्याला व्यवस्थापक मोकळी असेल ती खोली देतो, तीही ठरावीक मुदतीसाठी. खोल्या अशा आपोआप वाटून देण्याची पद्धत संगणकाच्या जगात १९९३ पासून रूढ झाली. वीज गेली की पुष्कळ साध्या राउटरांची नोंदवही कोरी होते. वीज आल्यावर सगळे यात्रेकरू पुन्हा दारात उभे राहतात आणि पाच नंबरच्या खोलीत उतरलेल्याला आठ नंबरची खोली मिळते. संगणक मात्र जुन्याच दारावर कडी वाजवत राहतो. आतून उत्तर येत नाही, म्हणून तो ‘ऑफलाइन’ म्हणतो. पाहुणा तीन खोल्यांपलीकडे तयार होऊन बसलेला असतो.

सुनेने संगणकाच्या ब्राउझरमध्ये नवा पत्ता लिहिला. प्रिंटरचे स्वतःचे पान उघडले. दोघांमधील वाट मोकळी असल्याची ती खूण होती. प्रिंटरच्या गुणधर्मांत जाऊन तिने पोर्टचा पत्ता बदलला आणि हिशोबपट्टी छापली. एकच प्रत. वजन किलोपर्यंत, भाव, हमाली, तोलाई आणि देय रक्कम रुपयापैशांपर्यंत. शेतकऱ्याने ती घडी करून बंडीच्या आतल्या खिशात ठेवली आणि तो बसस्थानकाकडे निघाला.

तोवर सूर्य मावळला होता. वडीलधाऱ्यांचा चौविहार होता. त्या दिवशी त्यांचे संध्याकाळचे जेवण झाले नाही आणि सकाळपर्यंत त्यांनी पाणीही घेतले नाही. घरात त्याचा उच्चार कोणी केला नाही.

दुसऱ्या दिवशी सुनेने कायमचा बंदोबस्त केला. प्रत्येक यंत्राला कारखान्यातूनच बारा अक्षर-अंकांची एक ओळख मिळालेली असते. तिला मॅक पत्ता म्हणतात. खोली बदलली तरी ती बदलत नाही, जसे गाव बदलले तरी माणसाचे गोत्र बदलत नाही. राउटरच्या सेटिंगमध्ये ती ओळख नोंदवून ‘या यंत्रासाठी हाच पत्ता राखून ठेवावा’ असे सांगता येते. ही नोंद राउटर वीज गेल्यावरही विसरत नाही. एकदा ती केली की त्या पाहुण्याची खोली ठरलेली.

प्रिंटर न जोडला जाण्याची आणखी काही कारणे पेढ्यांवर वारंवार आढळतात. वायफायचा पासवर्ड बदलला जातो, मोबाइलमध्ये नवा टाकला जातो आणि प्रिंटर मात्र जुनाच उराशी धरून बसतो. नवे राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन लहरींवर चालतात. पुष्कळ प्रिंटरांना केवळ पहिलीच कळते. पाहुण्यांसाठी वेगळे वायफाय ठेवलेले असेल आणि संगणक चुकून त्याला जोडला गेला असेल, तर बहुधा त्याला पेढीतील इतर यंत्रे दिसतच नाहीत, कारण ती योजना त्यासाठीच असते. कधी संगणकातच ‘प्रिंटर ऑफलाइन वापरा’ या पर्यायावर खूण पडलेली असते. यांपैकी एकाही कारणासाठी नवे यंत्र विकत घ्यावे लागत नाही. चालते यंत्र भंगारात काढून नवे आणणे हा खर्च तर आहेच. अपरिग्रहाचा विचार मानणाऱ्या घरात त्याला खर्चाहून मोठे नाव आहे.

त्या संध्याकाळी पेढीवर बोलणाऱ्यांपैकी खोटे कोणीच बोलत नव्हते. प्रिंटर ‘तयार’ म्हणत होता, ते त्याच्या अपेक्षेने खरे होते. संगणक ‘संपर्क नाही’ म्हणत होता, तेही खरे होते. मोबाइलवर इंटरनेट चालत होते. प्रत्येकाने आपल्या हाताला लागलेला हत्तीचा अवयव म्हणजेच हत्ती मानला होता. अनेकांताची शिकवण प्रवचनात ऐकणे सोपे असते. शेतकरी बाकावर बसलेला असताना आणि सूर्य मावळत असताना ‘तुमचेही खरे, याचेही खरे, आता दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहू’ असे म्हणणे अवघड असते. सुनेने दोन पत्ते शेजारी ठेवून पाहिले, एवढेच केले.

आणि वडीलधाऱ्यांनी चिठ्ठीला नकार दिला, त्यामागेही जुना आधार होता. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात श्रावकाच्या व्रतांचे अतिचार सांगितले आहेत. सत्याणुव्रताच्या अतिचारांत ‘कूटलेखक्रिया’ येते, म्हणजे खोटा लेख तयार करणे. अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत कमीअधिक मापे वापरणे येते. गोळाबेरजेची चिठ्ठी हा खोटा लेख नव्हे, हे खरे. पण खोट्या लेखाची वाट बहुतेक वेळा अशाच सोयीच्या चिठ्ठीपासून सुरू होते, हे व्यापारात केस पांढरे झालेल्याला ठाऊक असते.

ज्या पेढ्यांवर संगणक आहे, तेथे हंगामापूर्वी अर्धा दिवस या कामासाठी काढावा. प्रिंटरचा पत्ता राउटरमध्ये राखून ठेवावा आणि तो एका कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवावा. केबल खणात ठेवावी. पासवर्ड बदलला की प्रिंटरचीही आठवण ठेवावी. आणि क्रमांक छापलेले एक पावतीपुस्तक, कार्बनसह, गादीजवळ कायम असावे. म्हणजे यंत्र रुसले तरी माल देणाऱ्याला त्याच दिवशी, पैशापर्यंतचा आकडा हातात घेऊन घरी जाता येईल.