ठकीचा केसपेपर

वकिलापाशीं आणि वैद्यापाशीं खोटें बोलूं नये, असें वडीलधाऱ्या मंडळींनीं आम्हांस लहानपणींच पढवून ठेवलें होतें. वकिलाशीं माझा संबंध सुदैवानें आला नाहीं, आणि वैद्याशीं खोटें बोलण्याची कधीं गरज भासली नाहीं. आपलें पोट दुखत असतां तें दुखत नाहीं असें सांगण्यांत कोणाचें हित आहे? परंतु जनावरांच्या डॉक्टरांची गोष्ट निराळी. तेथें दुखतें एकाचें आणि सांगतो दुसरा. ज्याचें दुखतें त्याला वाचा नसते. आणि ज्याला वाचा असते त्याला बहुधा कांहीं तरी झांकावयाचें असतें.

हें ज्ञान मला आमच्या पेठेंतल्या एका दवाखान्याच्या बांकावर बसून झालें. दवाखाना म्हणजे फार मोठी संस्था नव्हे. जुना वाडा पाडून उभ्या राहिलेल्या इमारतीच्या तळमजल्यावर दोन खोल्या. बाहेरच्या खोलींत एक लांब बांक, वजनाचा कांटा, आणि भिंतीवर कुत्र्यांच्या जातींचा एक रंगीत तक्ता. आंतल्या खोलींत पत्र्यानें मढविलेलें एक टेबल. फिनाइल आणि ओले केंस यांचा मिश्र वास दारापासूनच सुरू होतो. केसपेपरावर रोग्याच्या नांवापुढें मालकाचें आडनांव लिहिण्याची तेथें पद्धत आहे. आमच्या ठकीचें नांव माझ्या आडनांवासह प्रथम पुकारलें गेलें तेव्हां बांकाच्या दुसऱ्या टोकाला बसलेले एक गृहस्थ उगीचच खोकले. ठकीला मात्र त्यांत कांहीं गैर वाटलें नाहीं. ती तीन पिढ्यांपासून आमच्याच कुळांतली असल्याप्रमाणें टोपलींतून मान वर करून पाहूं लागली.

त्या बांकावर तासभर बसावें आणि आंतलें बोलणें ऐकावें. मधलें दार कधींच नीट लागत नाहीं. एक लठ्ठ लॅब्रेडॉर धापा टाकीत वजनाच्या कांट्यावर चढतो, आणि त्याचे यजमान गंभीरपणें सांगतात, “डॉक्टर, हा हल्लीं कांहींच खात नाहीं हो!” बरोबरचा नातू म्हणतो, “आजोबा त्याला चहाबरोबर बिस्किटें देतात, आणि जेवतांना पोळी.” आजोबा नातवाकडे असे पाहतात कीं त्यानें जणूं घरचा गुप्त खजिनाच दाखवून दिला! एक बाई गळून गेलेलें कुत्र्याचें पिलूं पदराखालीं घेऊन येते. त्याला रक्ताची हगवण लागलेली असते. “सगळ्या लशी वेळेवर टोंचल्या आहेत,” ती म्हणते. डॉक्टरीणबाई कार्ड मागतात, आणि तें कार्ड नेमकें घरीं राहिलेलें असतें. पार्व्हो नांवाचा हा रोग १९७८ पासून जगभर पसरला. त्यावर नेमकें औषध नाहीं. सलाइन लावून पिलाला तगवून धरावयाचें एवढेंच हातीं असतें. लस मात्र आहे, आणि ती स्वस्तही आहे. म्हणूनच ती टोंचली नाहीं हें कबूल करणें फार जड जातें. आणि पोपट घेऊन येणारा मनुष्य! देशी पोपट पाळणें १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या विरुद्ध आहे. त्यामुळें या दवाखान्यांत येणारा प्रत्येक पोपट “काल खिडकींत येऊन बसलेला” असतो. त्याच्या पिंजऱ्याच्या दांड्या चोंचीनें झिजून चकचकीत झालेल्या असतात, आणि तो मालकाच्या धाकट्या मुलीला नांवानें हांका मारीत असतो. डॉक्टरीणबाई पिंजऱ्याकडे एकदां पाहतात, पोपटाची वाढलेली चोंच कापतात, आणि मग कायदा समजावून सांगतात.

या मंडळींना मी मनांतल्या मनांत पुष्कळ हंसलों आहें. पुढची हकीकत सांगण्यापूर्वीं हें नमूद केलेलें बरें.

जनावरांचें वैद्यक आपल्याकडे नवें नव्हे. घोड्यांसाठीं शालिहोत्राचें शास्त्र आहे, हत्तींसाठीं पालकाप्याचा हस्त्यायुर्वेद आहे. इंग्रजी अमदानींत, १८८६ सालीं, मुंबईस परळला पशुवैद्यकाचें महाविद्यालय निघालें. १८८९ सालीं खुद्द पुण्यांत गुरांच्या सांथींचा अभ्यास करणारी सरकारी प्रयोगशाळा सुरू झाली, आणि १८९३ सालीं ती हिमालयांत मुक्तेश्वरला हलविली गेली. परंतु हा सारा व्याप मुख्यतः उपयोगी जनावरांसाठीं होता. घोड्यावर राज्य चाले, बैलावर शेत चाले. मांजरावर काय चालतें? माझ्या आजीच्या घरीं मांजर आजारी पडलें कीं तें माळ्यावर जाऊन पडे. दोन-चार दिवसांनीं तें बरें होऊन खालीं येई, किंवा येत नसे. त्याला औषध देण्याचें कोणाच्या मनांत येत नसे, आणि म्हणून चुकीचें औषधही कोणी देत नसे. आतां मांजर घरांतलें माणूस झालें. मग घरांतल्या माणसांची औषधाची पेटी त्याच्यापुरती बंद कशी राहावी?

दोन वर्षांपूर्वींची गोष्ट. श्रावणांतले ओले दिवस होते. ठकीनें दोन दिवस दुधाला तोंड लावलें नव्हतें. ती शिंकत होती, आणि तिचे कान हाताला गरम लागत होते. रात्रीं अकराचा सुमार. पत्नी झोंपली होती. दवाखाना सकाळीं दहाला उघडतो. मीं पेटी उघडली आणि तापावरची आपली नेहमींची गोळी, पॅरासिटामॉल, पांचशें मिलिग्रॅमची, बाहेर काढली. माणसाला एक, तर मांजराला पाव, असें त्रैराशिक मीं मांडलें. तें त्रैराशिकसुद्धां चुकलेलें होतें! ठकीचें वजन साडेतीन किलो आणि माझें सत्तर, म्हणजे हिशेबानें विसावा भाग निघाला असता. पण पाव तुकडा सुरीनें नीट पडतो. तो मीं तुपांत घोळवून तिच्या घशांत सारला, आणि एका मुक्या जीवाची सेवा केल्याच्या समाधानांत झोंपीं गेलों.

सकाळीं ती मोरीच्या कोपऱ्यांत सांपडली. चेहरा सुजलेला, पुढचे पंजे सुजलेले, श्वास भराभर चाललेला. रिक्षांतून उतरतांच बांकावरच्या मंडळींनीं न सांगतां आम्हांला आंत जाऊं दिलें.

“काय खाल्लें हिनें?” डॉक्टरीणबाईंनीं विचारलें.

त्या क्षणीं मला ती गोळी आठवत नव्हती असें म्हणण्याची सोय नाहीं. ती मला स्वच्छ आठवत होती. परंतु पत्नी टोपली धरून शेजारींच उभी होती, दार अर्धवट उघडें होतें, आणि बाहेर बांक होतें. मीं म्हटलें, “शेजारी उंदरांसाठीं कांहीं तरी औषध ठेवतात, असें वाटतें. ही त्यांच्या गच्चीवर जाते.”

शेजारी म्हणजे एक निवृत्त शिक्षक. त्यांनीं उंदीर मारल्याचें मला ठाऊक नाहीं. ठकीसाठीं ते गच्चीवर दुधाची वाटी ठेवतात, हें मात्र चांगलें ठाऊक होतें. पत्नीनें माझ्याकडे आश्चर्यानें पाहिलें. ती कांहीं बोलली नाहीं.

उंदरांच्या पुष्कळशा विषांनीं रक्त गोठेनासें होतें, आणि त्यावर ‘के’ जीवनसत्त्व हा उतारा आहे. डॉक्टरीणबाईंनीं त्याचें इंजेक्शन भरावयास सांगितलें, अंगावर कोठें रक्त साकळलें आहे काय तें चांचपून पाहिलें, आणि मला पुन्हा पुन्हा विचारलें: विषाचा रंग कोणता होता? वड्या होत्या कीं दाणे? मीं उत्तरें दिलीं. होय, दिलीं! भिंतीवरच्या घड्याळांत यांत बारा मिनिटें गेलीं. मग त्यांनीं ठकीचा ओंठ वर उचलला. रक्त जाऊन हिरड्या पांढऱ्या पडतात. या हिरड्या तपकिरी होत्या, निळसर झांक असलेल्या. त्यांनीं रक्ताचा एक थेंब घेऊन पांढऱ्या कागदावर टेकविला. तो लाल झाला नाहीं. कॉफी सांडावी तसा डाग पडला.

डाग पाहून त्यांनीं मान वर केली. “काका, गोळी कोणती दिलीत?”

दिली काय, असें त्यांनीं विचारलें नाहीं. मीं गोळीचें नांव सांगितलें.

“किती? किती वाजतां?”

तेंही सांगितलें. ‘के’ जीवनसत्त्व बाजूला राहिलें आणि दुसरी धांवपळ सुरू झाली. माणसाचें यकृत ही गोळी निरुपद्रवी करून बाहेर टाकतें. त्यासाठीं लागणारें द्रव्य मांजराच्या यकृतांत जवळजवळ नसतेंच. मग त्या औषधाचें विष होऊन तें रक्तांत शिरतें, आणि रक्ताची प्राणवायु वाहण्याची शक्ति नाहींशी करतें. मांजर श्वास घेत असतें आणि तरी गुदमरत असतें. यावर ॲसिटिलसिस्टीन नांवाचा उतारा आहे, आणि तो जितका लवकर द्यावा तितका बरा. माणसांच्या छातींतला कफ पातळ करण्यासाठीं तेंच औषध देतात, म्हणून पलीकडच्या माणसांच्या औषधांच्या दुकानांत तें मिळालें. आणावयास मीच धांवलों. पाव गोळी नीट कापणाऱ्या माणसाला एवढें काम सांगण्यास हरकत नव्हती.

डॉक्टरीणबाई मला रागावल्या नाहींत. त्या रागावत्या तर मला बोलतां आलें असतें, समर्थन करतां आलें असतें, एखादे वेळीं उलट रागावतांही आलें असतें. त्यांनीं फक्त ठकीच्या केसपेपरावर एक ओळ लिहिली आणि प्राणवायूची नळी तिच्या नाकाशीं धरून बसल्या. रिकामी टोपली घेऊन आम्ही घरीं आलों तेव्हां पत्नी एवढेंच म्हणाली, “मास्तरांचें नांव कशाला घेतलेंत?” गोळीविषयीं तिनें अद्यापि एक शब्द काढलेला नाहीं.

ठकी चार दिवस दवाखान्यांत होती. दुसऱ्या दिवशीं तिचा श्वास खालीं बसला, तिसऱ्या दिवशीं सूज उतरली, चौथ्या दिवशीं तिनें मदतनिसाच्या हाताचा चावा घेतला आणि त्यावरून ती बरी झाल्याचें ठरलें.

गेल्या महिन्यांत तिला लस टोंचण्यासाठीं नेलें, तेव्हां डॉक्टरीणबाई गांवीं गेल्या होत्या आणि त्यांच्या जागीं एक तरुण मुलगा बसला होता. त्यानें जुना केसपेपर काढून पहिल्यापासून वाचावयास सुरुवात केली, आणि एका ओळीवर त्याचें बोट थांबलें. “मालकानें रात्रीं पॅरासिटामॉल दिली, माहिती उशिरां मिळाली,” त्यानें मोठ्यानें वाचलें. दार नेहमींप्रमाणें अर्धवट उघडें होतें. “हे मालक म्हणजे आपणच का?”

“मीच,” मीं म्हटलें.

मास्तरांनीं त्या वेळीं चारही दिवस येऊन चौकशी केली होती. ठकी घरीं आल्यावर ते पावशेर दूध घेऊन आले, आणि तिला नेमकें काय झालें होतें तें त्यांनीं विचारलें. मीं गोळीची सारी हकीकत त्यांना सांगितली. कागदावरच्या थेंबाचा रंगही सांगितला. मधलीं बारा मिनिटें मात्र सांगितलीं नाहींत. ठकी अजून रोज सकाळीं त्यांच्या गच्चीवर जाते, आणि ओंठांना दूध लागलेलें असतें तशीच परत येते.