जिन्याखालची सायकल

आमच्या जिन्याखाली वडिलांची जुनी सायकल आहे. दर दिवाळीला साफसफाई निघाली, की सौभाग्यवतींचा पहिला प्रश्न, “ही अडगळ आता मोडीत काढायची ना?” आणि दर दिवाळीला मी ऐकलेच नाही असे दाखवतो!

यंदा मात्र मला साक्षीदार मिळाले. इंग्लंडात लिंकनशायरमध्ये फ्रेड आणि हॅरल्ड पँटन हे दोघे शेतकरी भाऊ होते. त्यांचा मोठा भाऊ ख्रिस्तोफर १९४४ च्या मार्चमध्ये न्यूरेंबर्गवरील हवाई हल्ल्यात मारला गेला. वय अवघे १९. या दोघांनी १९८३ साली एक जुने लँकेस्टर बाँबफेकी विमान विकत घेतले. पुढे ईस्ट कर्कबीच्या जुन्या युद्धकालीन विमानतळावर ते आणले आणि वर्षानुवर्षे खपून त्याची चारही एंजिने चालू केली. विमान उडाले नाही; पण आपल्या चाकांवर पुन्हा चालू लागले.

गंमत अशी, की ख्रिस्तोफरचे विमान लँकेस्टर नव्हतेच. ते होते हॅलिफॅक्स! हे भावांना का ठाऊक नव्हते? पण गेलेला भाऊ परत येत नाही. त्याच्या काळचा आवाज तेवढा परत आणता येतो.

हे सारे मी सौभाग्यवतींना रंगवून सांगितले. त्या काही बोलल्या नाहीत. हातातल्या फडक्याने त्यांनी सायकलची घंटी पुसली आणि सहज वाजवून पाहिली.

ट्रिंग! स्वयंपाकघरातून आई लगबगीने दाराशी आली. तिने रस्त्याकडे पाहिले आणि मुकाट्याने आत गेली.

त्यानंतर आमच्या घरात मोडीची गोष्ट निघालेली नाही.