ओल्या फडक्याचे दिवस

जुन्या फियाटवाल्याच्या डिकीत जॅक आणि पान्यांच्या जोडीला पाण्याचा एक कॅन आणि एक फडकं असायचंच. काच पुसायचं फडकं वेगळं, ते पुढच्या सीटखाली. डिकीतलं फडकं इंजिनावरच्या पेट्रोलच्या पंपाचं. एप्रिल-मेमध्ये ते वाळायला वेळच मिळत नसे.

ऐंशीच्या दशकात जागतिक बँकेच्या कर्जातून म्हाडाने चारकोपला प्लॉट आखून दिले. चौकाभोवती बैठी घरं आणि वर पत्रे. लोकांनी पुढे ऐपतीप्रमाणे मजले चढवले. तेव्हा दारात गाडी असलेलं घर एखादंच, आणि तीही बहुधा काळी-पिवळी. उपनगरात धंदा रिक्षांचा. टॅक्सी दिवसभर शहरात फिरायची आणि रात्री मालकाबरोबर घरी यायची. रविवारी मात्र तीच घरची गाडी. लग्नाला, दवाखान्याला, वज्रेश्वरीला पाच माणसांच्या गाडीत आठ माणसं बसून जायची.

आणि नेमकी रविवारीच ती रुसायची. धावताना कधी काही नाही. बाजारात भाजी घ्यायला दहा-पंधरा मिनिटं उभी केली की संपलं. सेल्फ मारावा तर इंजिन गरगर फिरतं, पण धरत नाही. मागच्या सीटवरून सल्ले सुरू होतात. कोणी म्हणतं चोक ओढा, कोणी म्हणतं धक्का मारू.

हा दोष एकट्या फियाटचा नव्हता. अँबेसिडर काय, कार्बोरेटरवाली मारुती काय, उन्हाळ्यात सगळ्या एका माळेच्या. पेट्रोल हे पाण्यासारखं एका ठरावीक तापमानाला उकळत नाही. त्यातला हलका भाग 40 अंशांच्या आसपासच वाफ होऊ लागतो. गाडी धावते तेव्हा वारा, पंखा आणि फिरणारं पाणी उष्णता ओढून नेतात. चावी बंद केली की हे तिन्ही थांबतात, पण इंजिनाच्या लोखंडातली धग तशीच असते. ती बॉनेटखाली साठत जाते, म्हणून थांबल्यावर पंधरा मिनिटांनी पंप आणि कार्बोरेटर धावतानापेक्षा जास्त तापलेले असतात.

इथून पुढे दोन वेगळे रोग होतात, आणि खरी परीक्षा ते ओळखण्यात होती. पंपात किंवा नळीत वाफ अडकली तर पेट्रोल वर चढतच नाही, गाडी उपाशी राहते. उलट कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उकळून आत सांडलं तर गाडी ‘ओव्हर’ होते, म्हणजे अजीर्ण. उपाशी गाडीच्या पंपावर ओलं फडकं. अजीर्ण झालेलीला फडक्याचा उपयोग नाही. तिचा ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरायचा, पंपिंग करायचं नाही, चोकला हात लावायचा नाही, आणि सेल्फ मारत राहायचं. गरम गाडीला चोक ओढणारा माणूस आमच्याकडे नवशिक्या ठरायचा.

आमच्या सेक्टरच्या कोपऱ्यावर झाडाखाली गॅरेज थाटलेले एक मिस्त्री होते. गॅरेज म्हणजे एक लाकडी पेटी आणि एक स्टूल. बॉनेट उघडल्यावर ते आधी वाकून वास घ्यायचे. पेट्रोलचा भपका आला तर अर्धं निदान तिथेच. मग एक प्लग काढून बोटावर घासायचे. ओला असेल तर अजीर्ण, कोरडा असेल तर उपास. कोरडा निघाला की कार्बोरेटरकडची नळी सोडवून तिचं तोंड बाटलीत धरायचे आणि म्हणायचे, “मार सेल्फ.” प्रत्येक फेरीला चिळकांडी उडाली तर पंप निर्दोष. नुसते बुडबुडे आले तर वाफ. काहीच आलं नाही तर पंप फाटला. एवढं सगळं बिडी कानामागे ठेवून, पेटवून नव्हे. पेट्रोल चोख निघालं तर हात कॉइलवर जायचा, कारण गरम झाली की ठिणगी मारायची थांबणारी कॉइल हाही त्या काळचा नेहमीचा गुन्हेगार.

तो पंप, मेकॅनिकच्या तोंडी एसी पंप, म्हणजे इंजिनाच्या अंगाला दोन नटांनी बसवलेली एक डबी. आत रबरी पडदा आणि दोन छोटे व्हॉल्व्ह. कॅमशाफ्ट फिरला की पडदा खालीवर होऊन पेट्रोल ओढायचा. दाब जेमतेम पाव बार. पडदा कडक झाला तर थंडीत गाडी चालायची आणि तापल्यावर मान टाकायची. मग ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्टच्या दुकानांतून किंवा कुर्ल्याहून किट आणायचं. तासाभरात पंप खोलून, पुसून, परत जागेवर. डबी तीच, पडदा नवा.

पुढे हायकोर्टाच्या आदेशानंतर टॅक्सी सीएनजीवर गेल्या आणि फडकं सुटलं. वायूची आणखी वाफ कसली होणार! कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेल्या पद्मिनीचं, म्हणजे आमच्या फियाटचंच, उत्पादन 2001 मध्ये थांबलं. शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून उतरली.

2000 च्या सुमारास मारुती आठशेतही एमपीएफआय, म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्शन, आलं होतं. पंप इंजिनापासून उठून मागे टाकीत जाऊन बसला, विजेवर चालू लागला आणि दाब 3 बारच्या घरात गेला. कुकरमधलं पाणी उशिरा उकळतं, तसं हे दाबातलं पेट्रोलही सहज वाफ होत नाही. आज मे महिन्यात गाडी उन्हात लावून उसाचा रस पिऊन आलो तरी पहिल्या सेल्फला सुरू होते. हे सुख नाकारून जुन्याचे गोडवे गाणाऱ्याने एकदा बोर घाटात, सहकुटुंब, फियाटच्या पंपावर पाणी ओतत उभं राहून पाहावं.

गेलं ते निदान. आता या गाड्याही पंधरा-वीस वर्षांच्या झाल्या. बोरिवलीचं आरटीओ आमच्या चारकोपातच असल्याने फेरनोंदणीला आलेल्या अशा गाड्या रोज दिसतात. ‘गरम झाल्यावर लवकर घेत नाही,’ ही तक्रार त्यांच्या मालकांच्या तोंडी पुन्हा आलीच आहे. गॅरेजवाला स्कॅनर लावतो, त्यात कोड सापडत नाही आणि निकाल येतो: पंप बदला. वास्तविक बहुतेक साध्या एमपीएफआय गाड्यांत पेट्रोलचा दाब मोजणारा सेन्सरच नसतो, मग स्कॅनरला काय दिसणार? पंपातला परत न जाऊ देणारा व्हॉल्व्ह गळत असेल तर गाडी उभी असताना दाब उतरतो. चावी दोन-तीनदा नुसती ऑन-ऑफ करून मग सेल्फ मारला आणि गाडी चटकन सुरू झाली, तर संशय दाबावर. तरीही नाही झाली, तर इंजिनाचं तापमान सांगणारा सेन्सर खोटं सांगत असेल आणि गरम इंजिनालाही थंड समजून जादा पेट्रोल मिळत असेल. म्हणजे पुन्हा तेच, उपास की अजीर्ण. किंवा क्रँक सेन्सर तापल्यावर गप्प बसत असेल. सेन्सर काही शेकड्यांत येतो, पंप काही हजारांत.

शिवाय मुंबईचा एक खास रोग आहे. टाकीतला पंप भोवतीच्या पेट्रोलनेच थंड राहतो. सीएनजीवाले पेट्रोलचा काटा लाल खुणेवर ठेवून महिनोन् महिने फिरतात आणि पंप जळाला की गाडीला शिव्या देतात.

तेव्हा कोणी पंप बदलायला सांगितलं, तर आधी प्रेशर गेज लावायला सांगा, गाडी बंद केल्यावर काटा किती वेळ टिकतो ते स्वतः उभं राहून पाहा, आणि बदललाच तर जुना पंप मागून घ्या. सीएनजी असो वा नसो, टाकीत पाव भाग पेट्रोल ठेवा.