खुलासा

दुसऱ्या कुणाचं काम कमी पडलं तर म्हणतात, आज त्याचं लक्ष नव्हतं, घरी कुणी आजारी असेल. आपल्या माणसाचं काम कमी पडलं तर म्हणतात, यांच्यात तेवढं नसतंच. मित्रांनो, हे तुम्ही कॉलेजात ऐकलं असेल, हापिसात ऐकलं असेल. मी सूतगिरणीत ऐकतो. आमच्याकडं त्याला मेरिट म्हणत नाहीत, एफिशियन्सी म्हणतात.

मी रिंग खात्यात सायडर आहे. गिरणी इचलकरंजीच्या बाजूची. नाव लिहीत नाही. संपादकांनी या अंकासाठी कविता मागितली होती. कविता सध्या होत नाही. मला मेमो मिळालाय: ‘आपली कामगिरी असमाधानकारक असून आपल्या साईडवर वेस्टेजचे प्रमाण अधिक आढळले आहे. आपणांस कामावरून कमी का करण्यात येऊ नये, याचा लेखी खुलासा 48 तासांत करावा.’ आढळलं आहे. कुणाला आढळलं, कशावर मोजलं, कुठल्या मशीनवर, काही नाही. हुकूम देणाऱ्या वाक्याला कर्ता नसतो, हे मला व्याकरणाच्या पुस्तकानं नाही, या कागदानं शिकवलं.

जे कधी गिरणीत शिरले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. रिंग फ्रेम म्हणजे लांबलचक मशीन, दोन्ही अंगांना चात्यांची रांग. चाती मिनिटाला 15,000 च्या वर फेरे मारते. वरून रोव्हिंग येतं, कापसाचा जाड कच्चा दोर. तो रोलरांतून ताणला जातो, त्याला पीळ पडतो आणि सूत खाली कॉपवर गुंडाळलं जातं. रिंगवरून एक ट्रॅव्हलर पळत असतो, पोलादी तारेची कडी, नखाएवढीसुद्धा नाही. सायडरनं आठ तास चालायचं. धागा तुटला की गुडघ्यानं ब्रेक दाबायचा, कॉप उचलायची, टोक शोधायचं, ट्रॅव्हलरमधून घेऊन रोलरला नेऊन भिडवायचं. हाताला सवय झाली की काही सेकंदांचं काम. तोवर पुढं चार तुटलेले असतात. तुटलेल्या जागेचा कापूस नळीतून ओढला जातो, पेटीत साचतो. पाळी संपली की पेटीतला कापूस काट्यावर टाकतात. जे भरेल ती माझी कामगिरी.

आता धागा तुटतो का? कापूस हलका आला, आखूड धाग्याचा आला, तर तुटतो. हवा कोरडी पडली तर तुटतो. रिंग खात्यात 55 ते 60 टक्के ओल लागते, आणि विजेचं बिल वाचवायला ओलीचा प्लँट कमी चालवला की उन्हाळ्यात नुसता कडकडाट. ट्रॅव्हलर झिजला, वेळेवर बदलला नाही, तरी तुटतो. कापूस साहेब घेतात. प्लँट इंजिनियर चालवतो. ट्रॅव्हलर स्टोअरमधून सुटतात आणि फिटर बसवतो. म्हणजे धागा किती वेळा तुटावा हे गिरणी ठरवते. तुटलेला किती वेळ तुटलेला राहावा, एवढंच माझ्या हातात. काट्यावर दोन्ही एकत्र पडतं आणि पट्टीवर नाव माझं लागतं.

फेब्रुवारीपर्यंत मी 7 नंबरवर होतो. माझ्या पेटीबद्दल कुणी ब्र काढला नाही. मार्चमध्ये मला 19 आणि 20 वर टाकलं. या दोन मशिनी दाराशी आहेत. ट्रॉलीसाठी दार सारखं उघडतं, बाहेरचा फुफाटा आत येतो. मी वही केली. मागच्या पानांवर माझ्या कविता, पुढच्या पानांवर आकडे: वेळ, भिंतीवरच्या काट्यात ओल किती, एका फेरीत किती धागे सांधले, ट्रॅव्हलर कोणत्या तारखेला बदलले. तीन आठवडे. रात्रपाळीचे आकडे तात्यांनी उतरवून दिले. तात्या जुने सायडर, आपल्यातले नाहीत. मला म्हणाले, “पोरा, माझी सही मागू नकोस. आकडे घे, आकड्याला जात न्हाई.” नंतर जरा थांबून म्हणाले, “म्हंजे नसायला पायजे.”

वही जुळवली तर दिसलं ते हे. 19 आणि 20 वर तिन्ही पाळ्यांत वेस्टेज जास्तच आहे. माणूस बदलतो, वजन बदलत नाही. मेमो मात्र तिघांतल्या दोघांना. दोघंही आमच्या वस्तीतले. तिसरा कुणाचा पाहुणा आहे हे लिहिलं तर नाव लिहिल्यासारखंच होईल.

रिंग खातं आपल्याला नवं नाही. मुंबईच्या गिरण्यांत आपल्या माणसांची गर्दी याच खात्यात असायची. विणकाम खात्यात पगार जास्त, पण तिथं शिरकाव नव्हता, कारण धोट्यात नवी कांडी घातली की धागा तोंडानं ओढून घ्यावा लागे आणि आपलं तोंड लागलेल्या धोट्याला बाकीचे तोंड लावायला तयार नव्हते. हाताच्या कसबाचा प्रश्नच नव्हता. विदर्भात तर आपली कितीतरी माणसं हातमागावर जाडंभरडं विणून पोट भरत होती. प्रश्न थुंकीचा होता. 1928 च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी आग्रह धरला, की सगळी खाती आपल्याला खुली करण्याची मागणीही संप समितीनं घ्यावी. समितीनं नाखुशीनं घेतली. आणि मालक काय म्हणाले? हा अन्याय असेल तर तो आम्ही केलेला नाही. कीरांच्या चरित्रात हे आहे, विहारातल्या कपाटातल्या प्रतीत मी त्या पानाला दोरा घालून ठेवलाय. मालक कामगारांकडं बोट दाखवतो, कामगार रूढीकडं. आज काट्याकडं दाखवतात. मनमाडचं 1938 चं भाषण आपण पाठ म्हणतो, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही, दोन शत्रू. सभेत ते दोन असतात. खात्यात ते एकाच रजिस्टरात बसतात.

आजा मुंबईत डॉफर होता. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला आणि तो कायमचा गावाकडं आला. त्याला मेमो आला नव्हता. अडीच लाख माणसांना वेगवेगळा खुलासा विचारायला कागद कुठून आणणार? तेव्हा सगळ्यांना एकदम रस्ता दाखवला. आता एकेकट्याला दाखवतात, आणि कारण त्याच्याच अंगात आहे असं त्याच्याकडूनच लिहून घेतात.

कारण मला पहिला सल्ला तोच मिळाला. सुपरवायझर म्हणाले, “माफी लिहून दे, मी वर बोलतो.” दुसरा सल्ला त्याहून गोड: “तूच राजीनामा दे, सर्टिफिकेट चांगलं देतो.” युनियनचा माणूस म्हणाला, दोन ओळी लिही, यापुढे काळजी घेईन, मिटवून टाकू. सांगतो, ही दोन ओळींची माफी फार महाग असते. ती फायलीत जाते. पुढच्या मेमोत लिहिलेलं असतं, ‘यापूर्वी आपण चूक मान्य केली असून’. आमच्या खात्यात एकाला असंच घालवलं. त्याच्या हातचे तीन कागद होते, तिन्ही माफीचे.

मी चार पानं लिहिली. आई जागीच होती. म्हणाली, “एवढं काय लिवतुयास? कविता हाय व्हय?” म्हटलं, “न्हाई आई, हिशेब.” “मग नीट लिव,” म्हणाली आणि कूस बदलली. ‘महोदय’ लिहिताना हात अडखळला. पण लिहिलं. मशीन नंबर, तारखा, ओल, ट्रॅव्हलर. तिन्ही पाळ्यांचं वेस्टेज रजिस्टर दाखवावं अशी मागणी. मला 7 नंबरवरून का हलवलं याचा लेखी आदेश. ‘मागासवर्गीय असल्यामुळे’ हे शब्द लिहावेत की नाही यावर दोन तास गेले. मित्र म्हणाले, लिहू नकोस, जातीचं भांडवल करतो म्हणतील. मी लिहिलं असं: मेमो कोणाला दिले आणि कोणाला दिले नाहीत, याची कारणे द्यावीत. वाचणाऱ्याला कळतं. नक्कल काढली, त्या नकलेवर आवक-शिक्का आणि तारीख घेतली. शिक्क्यासाठी क्लार्कनं पाऊण तास उभं केलं. उभं राहायची आम्हाला सवय आहे.

तुमच्यातल्या कारखान्यातल्या पोरांनी एक बघून ठेवा. 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्यात. स्थायी आदेशांची सक्ती आता 300 आणि त्याहून जास्त कामगार असतील तिथं. केंद्राच्या जुन्या कायद्यात ही रेषा 100 ची होती. शिस्तीची कारवाई कशी व्हायची हे त्या आदेशांत असतं. तेव्हा आपल्या गिरणीत पटावर किती डोकी आणि ठेकेदाराच्या वहीत किती, हे मोजा. आम्ही मोजायला घेतलंय. हजेरीच्या मशीनपाशी पाळी सुटताना उभं राहून मोजतो.

माझा खुलासा त्यांना समाधानकारक वाटला नाही. चौकशी सोमवारी अकरा वाजता आहे. सोबत एक सहकामगार आणता येईल असं पत्रात आहे. मी कुणाला विचारायच्या आत तात्याच म्हणाले, मी येतो. त्यांच्या निवृत्तीला दीड वर्ष उरलंय. त्या आठवड्यात त्यांची रात्रपाळी आहे, सकाळी सातला सुटतील. घरी जाऊन येण्याइतका वेळ नाही, म्हणून आई त्यांच्यासाठीही भाकरी बांधून देणार आहे.